दुपारची मध्यरात्र

एंडेलचे तळपाय ऊन झाले
की समजायचं, त्याच्या आत रात्र पडली.

बाहेर काहीही असो.
हाप्सालूच्या गोठलेल्या खाडीवर दुपारचे दोन,
पोरं बर्फावरून घसरत ओरडताहेत,
मी शालीची वीण मोजतेय,
आणि तो खुर्चीत, हातात अर्धा पाव,
हळूहळू कलंडत चाललेला.
मी सुया ठेवून त्याचे मोजे काढायचे.
भट्टीतल्या विटेसारखे पाय.

लोणी कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा
त्याचे दोन्ही डोळे काढावे लागले.
आता काचेचे आहेत, निळे.
मीच निवडले,
मूळच्यापेक्षा जरा जास्तच निळे.

डोळे नुसते बघायला नसतात
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.
मेंदूतल्या घड्याळाचा काटा
रोज सकाळी उजेड येऊन जुळवतो.
उजेड आलाच नाही
तर घड्याळ बंद पडत नाही,
आपल्या मनानं चालत राहतं,
रोज अर्धा तास मागे.

सोमवारी अकराला झोप.
मंगळवारी साडेअकराला.
पुढच्या सोमवारी अडीच.
सूर्य माथ्यावर आला की त्याची मध्यरात्र,
आणि सात आठवड्यांनी
सगळा फेरा मारून पुन्हा अकराला, माझ्या शेजारी.
वर्षातून सात वेळा, चार-पाच दिवस,
आम्ही नवराबायको.
एरवी एका घरातले दोन भाडेकरू,
एक दिवसपाळीचा,
एक कुठल्याच पाळीचा नाही.

तार्तूहून डॉक्टर कॅर्त आली.
तासातासाला त्याला कापूस चघळायला लावला,
लाळेच्या नळ्या आमच्या फ्रिजमध्ये,
खारवलेल्या माशांच्या बरणीला टेकून.
म्हणाली, मेंदूच्या मधोमध जवाच्या दाण्याएवढी गाठ असते,
रात्री ती मेलाटोनिन सोडते.
मग हातापायांतल्या नसा सैल होतात,
ऊब बाहेर पडते,
आतला पारा अर्धा-एक अंश उतरतो.
मी म्हटलं, म्हणजे निजताना
चुलीतले निखारे पसरतात तसं.
तसंच, म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.
का, कोण जाणे.

पण ह्याला तर सगळा अंधारच आहे, मी म्हटलं.
ती म्हणाली, गाठीला अंधार कळत नाही.
घड्याळ सांगेल ती तिची रात्र.

मसुरीएवढी गोळी. रात्री नऊला, न चुकता.
ही झोपेची गोळी नाही, तिनं बजावलं,
ही संध्याकाळची गोळी.
आत जाऊन एवढंच सांगते,
दिवेलागण झाली.

पहिला फेरा तसाच गेला. दुसराही.
मार्चमध्ये घड्याळ अकरापाशी आलं
आणि थबकलं.
मी आठवडाभर कुणालाच बोलले नाही,
दृष्ट लागेल म्हणून.

आता एंडेल दुपारी जागा असतो,
बटाटे सोलतो, रेडिओशी भांडतो.
बरं आहे.
फक्त रात्री तीनचा तो चमच्याचा आवाज नाही,
दिवा न लावता तो कॉफी करायचा,
मी कूस बदलायचे,
वाटायचं, घरात कुणीतरी जागं आहे.

काल पहाटे चारला मलाच जाग आली.
जूनचा उजेड पडद्याच्या फटीतून थेट डोळ्यांवर.
तो मला उठवू शकतो,
एंडेलला नाही.
ड्रॉवरमध्ये गोळ्यांची बाटली होती,
क्षणभर मनात आलंही.
मग पांघरुणाखालून पाय सरकवून
त्याचे पाय चाचपले.
ऊन.
माझे बर्फ.

गार, तो झोपेतच म्हणाला.
पाय मात्र काढून घेतले नाहीत.